कुलगुरू महोदय, एकदा दुपारी तीन वाजता चालत या

प्रति,
मा. कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय : नियोजित शैक्षणिक संकुलाचं संकल्पचित्र

महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात ग्रंथालयात पुस्तक परत करायला आलो होतो, तेव्हा मुख्य प्रवेशद्वाराशी लावलेला फ्लेक्स पाहिला. निळ्या काचेची सात मजली इमारत, पुढे हिरवंगार लॉन, लॉनच्या कडेने पामची झाडं आणि लॅपटॉप छातीशी धरून हसत चाललेली चार मुलं. चित्रात सावली कुठेच नव्हती. मी चांगली पाच मिनिटं शोधली. मुलं भर उन्हात चालत होती आणि हसत होती. आपल्या गावात एप्रिल महिन्यात असं हसत चालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

दुसरं जे शोधलं तेही सापडलं नाही. जिथे ही इमारत उभी राहणार, तिथे आज अकरा कडुनिंब आणि एक जुना रेन ट्री आहे. त्या रेन ट्रीखाली चहाची टपरी आहे आणि टपरीभोवती दिवसभर मुलं असतात. आपल्या विद्यापीठात सगळ्यात जास्त वेळ वापरली जाणारी ‘बैठकव्यवस्था’ तीच. तिचं एस्टिमेट कुणी केलेलं नाही आणि तिचं उद्घाटनही झालेलं नाही. फ्लेक्सवर त्या जागी लॉन आहे.

विद्यापीठाचं नाव या पत्रात मुद्दाम घालत नाही. घातलं तर बाकीच्या विद्यापीठांतली मंडळी ‘हे आपल्याला नाही’ म्हणून पुढे जातील, आणि हाच फ्लेक्स दोन-तीन रंग बदलून त्यांच्याही गेटवर लागलेला आहे.

मी स्थावर विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो आणि उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. मधल्या एकोणतीस वर्षांतलं माझं काम एका शब्दात सांगायचं तर गळती. भूमिपूजनाच्या फोटोत तुमच्यासारखी मंडळी असतात, पहिल्या पावसात बादली धरून आमच्यासारखी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर विभागप्रमुखांच्या पत्रांचा गठ्ठा पडायचा. मजकूर सगळ्यांचा एकच : ‘छतातून पाणी गळत असून संगणक व कागदपत्रांचे नुकसान होण्याची शक्यता आहे, तरी तातडीने कार्यवाही व्हावी.’ तातडीने म्हणजे आधी एस्टिमेट, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग वर्कऑर्डर, मग दिवाळी. दिवाळीला गळती आपोआप थांबते.

तेव्हा सौंदर्यशास्त्रातलं मला काही कळतं असा माझा दावा नाही. इमारत म्हातारी कशी होते, तेवढं मात्र जवळून पाहिलं आहे.

काचेची एक इमारत आपल्याकडे आधीच आहे. परीक्षा विभागाची. ती झाली तेव्हा उद्घाटनाच्या भाषणात ‘कॉर्पोरेट लुक’ म्हणून तिचं कौतुक झालं होतं. तिचं तोंड पश्चिमेला आहे, कारण रस्ता पश्चिमेला आहे आणि एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं दर्शनी तोंड, रस्त्यावरून दिसलं पाहिजे. तिसऱ्या मजल्यावर पुनर्मूल्यांकनाच्या टेबलावर एक मॅडम बसत. त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांचा खाकी कागद काचेला आतून चिकटवला. त्यांचं बघून शेजारच्यांनी. दोन वर्षांत त्या मजल्याची अख्खी पश्चिम बाजू बाहेरून निळी आणि आतून खाकी झाली. उजेड यावा म्हणून काच लावली, ऊन येतं म्हणून ती झाकली, अंधार झाला म्हणून दिवसाढवळ्या दिवे लावले आणि तरी उकडतं म्हणून एसी बसवले. या चारही गोष्टींची बिलं माझ्या सहीने गेली आहेत. खिडक्या उघडायची सोय म्हणाल, तर प्रत्येक खोलीत एक फळी, तीही वीतभर बाहेर ढकलता येते. लाइट गेली की त्या फटीशी माणसं नाक लावून उभी राहत.

पश्चिमेच्या उन्हाची गोष्ट वेगळी असते, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. दक्षिणेचं ऊन वरून येतं, दोन-अडीच फुटांचा छज्जा काढला की अडतं. पश्चिमेचं ऊन संध्याकाळकडे तिरपं होत जातं आणि छज्ज्याच्या खालून सरळ टेबलावर येतं. त्याला उपाय म्हणजे खोल पडवी, झाडं, उभ्या पडद्या, नाहीतर सरळ बंद भिंत. म्हणून इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, खिडक्या उत्तर-दक्षिणेला घ्यायच्या आणि पश्चिमेच्या टोकाला जिने, लिफ्ट, संडास, स्टोअर अशा गोष्टी टाकायच्या, म्हणजे ऊन त्यांनी खावं. हे डिप्लोमाच्या पोरालाही ठाऊक असतं. ते कागदावर उतरत नाही, कारण बैठकीत पहिला प्रश्न असतो, ‘एलिव्हेशन दाखवा.’ एकोणतीस वर्षांत मी ‘सेक्शन दाखवा’, म्हणजे इमारत उभी कापली तर आतून कशी दिसेल ते दाखवा, असं म्हणणारा एकच सदस्य पाहिला. ते भूगोलाचे प्राध्यापक होते.

त्या इमारतीच्या पुढच्या अंगाला एसीपीचे, म्हणजे ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलचे, पत्रे आहेत. चंदेरी. पत्रा आणि भिंत यांच्यात चार-पाच इंचांची पोकळी असते. ती पारव्यांना फार आवडते. एका वादळात वरच्या कोपऱ्यातले तीन पत्रे उडाले, तेव्हा आतून घरटी, काड्या, विष्ठा असं पोतंभर बाहेर पडलं. ते पत्रे परत बसवायला जो माणूस दोरीवर लटकला होता, त्याच्याकडे मी मान वर करून दीड तास पाहत होतो. नंतर त्या रंगाचे पत्रे बाजारात मिळेनात. आजही तिथे तीन चौकोन वेगळ्या छटेचे दिसतात. तुम्ही गाडीतून उतरता त्या जागेवरून दिसत नाहीत, कॅन्टीनच्या बाजूने या.

आता कुणी म्हणेल, या म्हाताऱ्याला जुनं तेच सोनं वाटतं. तसं नाही. मला नव्याचीच उदाहरणं द्यायची आहेत.

पुण्याला सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे. १९८८ साली संस्था स्थापन झाली, जयंत नारळीकर पहिले संचालक आणि वास्तुरचना चार्ल्स कोरिया यांची. निवृत्तीच्या आधी एका प्रशिक्षणाला पुण्यात होतो, तेव्हा दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने भिंतीला हात लावून ओल आहे का पाहिलं. (ही सवय आता लग्नाच्या हॉलमध्येही जात नाही.) काळ्या पाषाणाच्या भिंती आहेत, पुण्याच्या मातीतलाच दगड. त्यावर आणखी काळा कडप्पा आणि त्याहून वर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आभाळ दिसतं. खगोलशास्त्राच्या संस्थेला शोभेल अशी ही चढत जाणारी काळोखाची कल्पना आहे, असं कुणी समजावून सांगितलं तर छानच. पण समजावलं नाही तरी चालतं. त्या भिंतीला दर तीन वर्षांनी रंग लागत नाही, माझ्यासारख्याला तेवढंच पुरे.

आत गेल्यावर मधोमध कुंड आहे. देवळापुढच्या पुष्करणीसारख्या पायऱ्या, पण पाण्याऐवजी हिरवळ आणि झाडं. चार बाजूंना आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन. ते चौघं कुठल्या चबुतऱ्यावर चढून उभे केलेले नाहीत, आवारातल्या माणसांत मिसळून असल्यासारखे आहेत. मी गेलो तेव्हा एक मुलगा न्यूटनच्या शेजारी पाय सोडून डबा खात होता. बाहेरून पाहिलं तर या संस्थेला म्हणण्यासारखं एलिव्हेशनच नाही. रस्त्यावरून एक काळी भिंत दिसते, बस. सगळा खर्च, सगळं डोकं आतल्या अंगणावर आणि त्याच्या कडेच्या वाटांवर गेलं आहे. खोलीतून बाहेर पडलेला माणूस अंगणात येतो, अंगणात दुसऱ्या खोलीतला माणूस भेटतो. विद्यापीठात दुसरं काय व्हायचं असतं?

त्याच आवारातली मुख्य इमारत तर सरळ सरळ लाटसाहेबाचा बंगला. गणेशखिंडीत गव्हर्नर बार्टल फ्रिअरने १८६४ मध्ये काम सुरू केलं, जेम्स ट्रबशॉने आराखडा केला आणि १८७१ मध्ये ते संपलं. अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या तेजीत हे सुरू झालं आणि तेजी फुटल्यावर त्याच्या खर्चाबद्दल विलायतेत बोंब झाली. विद्यापीठ तिथे आलं १९४९ मध्ये. म्हणजे ही इमारत विद्यार्थ्यांसाठी बांधलेलीच नाही. तरी ती चालते, कारण तिला कमानींचे लांबलचक खोल व्हरांडे आहेत. गव्हर्नरच्या मडमेला ऊन लागू नये म्हणून केलेली सोय पुढे शेतकऱ्यांच्या पोरांच्या उपयोगी पडली.

मुंबईचंही तसंच. फोर्टातला दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे नकाशे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने लंडनमध्ये बसून काढले, तो मुंबईला कधी आलाच नाही. पैसा पुन्हा कापसाचाच. प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालय आणि मनोऱ्यासाठी देणगी दिली, मनोऱ्याला आईचं नाव दिलं. १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा उभा राहिला. गॉथिक नक्षी विलायती आहे, मान्य. पण बाजूच्या उघड्या कमानदार सज्जांतून समुद्राचा वारा येतो, जिने बाहेरच्या अंगाला उघडे गोल फिरत जातात आणि दगड बराचसा कुर्ल्याच्या खाणीतला आहे. ज्याने हे शहर डोळ्यांनी पाहिलं नाही, त्याने सज्जे दिले. आपले सल्लागार विमानाने तीनदा येऊन गेले, गेस्ट हाउसच्या एसीत राहिले आणि त्यांनी आपल्याला काच दिली.

इथे एका माणसाचं नाव सांगायला हवं, कारण मराठी माणसं ते फारसं घेत नाहीत. वास्तुविशारद अच्युत कानविंदे. मालवणजवळच्या आचऱ्याचे, जन्म १९१६. जे. जे.त शिकले, मग हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसच्या हाताखाली. आयआयटी कानपूरचं सगळं आवार त्यांनी आखलं. तिथले पहिले संचालक डॉ. पु. का. केळकर, म्हणजे हुकूम देणारा आणि आखणारा दोन्ही मराठीच. साठच्या दशकातलं काम, उघडं काँक्रीट आणि वीट, दिखाऊ असं काही नाही. पण ग्रंथालय, व्याख्यानगृहं, विभाग हे सगळं छपराखालच्या उंच वाटांनी एकमेकांना जोडलेलं. कानपूरच्या मे महिन्यात पोरगा एका वर्गातून दुसऱ्या वर्गात सावलीतून जातो. मोटारी बाहेरच्या रस्त्यावर, माणसं आतल्या वाटेवर. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या रचनेतही कानविंद्यांचा हात आहे, ते तर आपल्याला एसटीने गाठता येतं.

बंगळूरच्या आयआयएमचंही तेच. ते बाळकृष्ण दोशींचं, १९२७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या माणसाचं. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झकर हे वास्तुरचनेतलं मोठं पारितोषिक मिळालं, तेव्हा व्हॉट्सअॅपवर अभिमानाचे संदेश फिरले. ते मिळालं ज्या कामांसाठी, त्यातलं एक म्हणजे हे आवार, आणि या आवाराची खरी इमारत म्हणजे तिथले बोळ. खडबडीत दगडी भिंती, तीन मजले उंच उघडे बोळ, वर काँक्रीटच्या पट्ट्यांमधून गाळून येणारं ऊन आणि त्यावर चढलेल्या वेली. वर्ग कुठे संपतो आणि बाग कुठे सुरू होते, ते सांगता येत नाही. फत्तेपूर सिक्रीवरून हे सुचलं असं दोशी सांगत. तिथे फोटो काढायला लोक कुठल्या एका इमारतीपुढे उभे राहत नाहीत, बोळात उभे राहतात.

दगड-विटांची आंधळी भक्ती मात्र मी करत नाही. अहमदाबादच्या आयआयएमची अमेरिकी वास्तुविशारद लुई कानने केलेली विटांची वसतिगृहं जगभरचे विद्यार्थी पाहायला येतात. त्या विटा झिरपतात, स्लॅबमधलं लोखंड गंजतं, २००१ च्या भूकंपाने तडे गेले. २०२० च्या डिसेंबरात संस्थेने अठरापैकी चौदा वसतिगृहं पाडायचं ठरवलं, जगभरातून ओरड झाली, नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी निर्णय मागे घेतला. मग २०२२ मध्ये पुन्हा पाडापाडीचा विषय निघाला. ओरड करणाऱ्यांत मीही मनातल्या मनात होतो, पण तिथल्या देखभाल विभागातल्या माणसाची मला जास्त दया आली. मोठ्या माणसाने बांधलेली इमारतसुद्धा गळते. फरक इतकाच, की ती वाचवायला लोक भांडले. आपल्या परीक्षा भवनासाठी कोण भांडेल?

आता कमानीबद्दल. नव्या आराखड्यात मुख्य प्रवेशद्वाराला वेगळा लेखाशीर्ष आहे आणि त्याची रक्कम वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. हल्ली प्रत्येक विद्यापीठाला आधी कमान हवी असते. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं गेट तुम्ही पाहिलं असेल. दरवर्षी १४ जानेवारीला तिथे हजारो माणसं येतात, गेटपुढे वाकतात, पायरीला हात लावून कपाळाला लावतात. ते गेट त्याच्या कारागिरीमुळे मोठं झालेलं नाही. १९७८ च्या विधिमंडळाच्या नामांतराच्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत माणसांनी जे सोसलं, त्याने ते मोठं झालं. आपण कितीही ग्रॅनाइट लावला तरी तसं गेट निविदा काढून मिळत नाही. आपलं सध्याचं गेट साधं आहे, त्याच्या डाव्या खांबाला दुचाकी घासून घासून खळगा पडलाय. राहू द्या. ते पैसे सावलीला द्या.

सावली म्हणजे काय ते मोजून सांगतो. बसथांब्यापासून ग्रंथालयाच्या पायरीपर्यंत माझी सातशे चाळीस पावलं होतात. त्यातली झाडाखालची एकशे दहा, तीही मघाशी सांगितलेल्या कडुनिंबांमुळे. ग्रंथालयापासून परीक्षा भवन आणखी तीनशे साठ, त्यात सावली शून्य. गाडीवाल्यांसाठी मात्र परीक्षा भवनाच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आहे आणि दारावर पोर्च आहे. गाडीला सावली, पायी येणाऱ्याला ऊन, असा हा हिशोब कधी कुणी ठरवून केला असेल असं मला वाटत नाही. पण आराखडा गाडीतून पाहिला की तो असाच होतो.

वसतिगृहाबद्दल एकच सांगतो. नव्या मुलींच्या वसतिगृहात कपडे वाळत घालायला जागाच ठेवलेली नाही, कारण बाल्कनी काढल्या तर एलिव्हेशन बिघडतं. मुली कपडे कठड्यावर टाकतात. त्याबद्दल शंभर रुपये दंडाची पाटी लावली आहे. पाटी सुबक आहे, ॲक्रिलिकची.

नॅकची, म्हणजे विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या संस्थेची, समिती येणार म्हटलं की आपण काय करतो, तेही तुम्हाला माहीत आहे. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, रस्त्याच्या कडेच्या दगडांना एक आड एक पांढरा-लाल पट्टा, कुंड्या भाड्याने. मी स्वतः चार वेळा या मोहिमेचा प्रमुख होतो. समिती गेली की कुंड्याही जात. तेव्हा दिसण्यावर खर्च करायला माझा आक्षेप नाही, तो मी केलेला आहे. माझं म्हणणं एवढंच, की पावसाळ्यानंतरही टिकेल असं काहीतरी दिसू द्या.

पैशाबद्दलही समजतं. पीएम-उषासारख्या केंद्राच्या योजनेतून अनुदान येतं, त्याला मुदत असते, ३१ मार्चच्या आत रक्कम खर्ची पडली पाहिजे. काचेची इमारत लवकर उभी राहते, दगडाला वेळ लागतो, गवंडी मिळत नाहीत. खरं आहे. पण अनुदान बांधायला मिळतं, सांभाळायला मिळत नाही. एसी, काच पुसणं, पत्रे, लिफ्ट हे पुढची तीस वर्षं विद्यापीठाच्या स्वतःच्या खिशातून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या फीमधून जाणार. सल्लागाराला फक्त एक तक्ता मागा : पहिल्या दहा वर्षांचा वीज आणि देखभालीचा खर्च. संकल्पचित्राच्या शेजारी तो लावा. मग जे चित्र आवडेल ते घ्या.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने आवारातली तळी आणि विहिरी जपून पाण्याचा प्रश्न बराचसा घरच्या घरी सोडवला आहे. त्यांचं आवार साडेआठशे एकरांच्या वर आहे, आपलं तेवढं नाही, पण आपल्याही मैदानाच्या खालच्या अंगाला एक ओढा आहे. नव्या आराखड्यात तो ओढा नळात घालून त्यावर वाहनतळ दाखवलंय. २००५ च्या पावसात तो ओढा कुठवर चढला होता, ती खूण अजून जिमखान्याच्या भिंतीवर आहे. मी दाखवतो.

माझी विनंती फार मोठी नाही. इमारत साधारण चाळीस फूट पूर्वेला सरकवली, तर ती जुन्या भांडारगृहाच्या पत्र्याच्या शेडवर येते आणि अकरापैकी दहा कडुनिंब वाचतात. मी मोजपट्टी लावून पाहिलं आहे. अकराव्याला वाळवी लागली आहे, त्याचा आग्रह नाही. रेन ट्री अंगणात घ्या, त्याच्या भोवती इमारत वळवा. टपरीवाल्याला तिथेच ओटा बांधून द्या. लांब बाजूंची तोंडं उत्तर-दक्षिणेला करा, खिडक्या उघडणाऱ्या द्या, काच लावायचीच असेल तर उत्तरेला हवी तेवढी लावा. बसथांब्यापासून ग्रंथालयापर्यंत छपराची वाट करा, साध्या पत्र्याची का होईना. आणि नकाशे, म्हणजे चित्र नव्हे, प्लॅन आणि सेक्शन, महिनाभर वाचनालयाच्या भिंतीवर लावा. आपल्याकडे स्थापत्यचे, भूगोलाचे, पर्यावरणाचे विभाग आहेत. त्या पोरांना लाल पेन द्या. सल्लागारांनी वाईट वाटून घेऊ नये. प्रबंध तपासताना आपणही दुसऱ्यांचं हेच करतो.

आणि पुढच्या बैठकीच्या आधी, कुलगुरू महोदय, एक दिवस दुपारी तीन वाजता गाडी बसथांब्यावर सोडा. ग्रंथालयापर्यंत चालत या, तिथून परीक्षा भवनात, तिसऱ्या मजल्यावर. सोबत परिषदेचे सदस्य असतील तर उत्तम. लिफ्ट बंद असेल. त्या खाकी कागदाच्या खोलीत पंधरा मिनिटं बसा आणि तिथल्या टेबलावर संकल्पचित्र उघडा. मी रेन ट्रीखाली थांबतो, चहा माझ्याकडून.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त उपअभियंता, स्थावर विभाग

ता. क. एक गोष्ट पत्रात लिहायची राहिली. खरं म्हणजे लिहायचं धाडस होत नव्हतं. परीक्षा भवनाच्या मागच्या बाजूला, जनरेटरच्या शेजारी, दिव्यांगांसाठी रॅम्प आहे. तो मी केला आहे. नियमाप्रमाणे एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते. जोतं अडीच फुटांचं, म्हणजे तीस फूट हवे होते. पुढच्या दारी जागा होती, पण तिथे एलिव्हेशन खराब होईल म्हणून मागे ढकलला, आणि मागे जेमतेम अकरा फूट मिळाले. मी अकरा फुटांत बसवला आणि पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही केली. पहिल्याच परीक्षेला एक मुलगी व्हीलचेअरवर आली होती. तिच्या वडिलांनी खुर्ची रॅम्पवर चढवून पाहिली, निम्म्यावर ती मागे यायला लागली. मग त्यांनी तिला उचलून घेतलं आणि शिपायाने रिकामी खुर्ची वर नेली. मी जनरेटरपाशी उभा होतो. पुढच्या दारी तीस फुटांचा, मध्ये विसाव्याची जागा असलेला रॅम्प कसा बसेल, त्याचा नकाशा निवृत्तीनंतर घरी बसून काढला आणि मार्चमध्ये आवक-जावक विभागात दिला. पोच घेतली आहे. उत्तराची वाट पाहत आहे.